चारही डाव्या बाजू

मागच्या नाही, त्याच्या मागच्या दिवाळीत मी एकच ब्लाउज चार वेळा उसवला. आकाशी रंगाचा, सुती, साधा टक्सचा. उजवी बाजू अंगावर अशी बसली होती की विचारू नका, आणि डावीकडे मात्र टक्सच्या, म्हणजे छातीपाशी घातलेल्या चिमटीच्या, टोकाशी एक चुणी. इस्त्री मारून पाहिली. मशीनचा दोरा सैल करून पाहिला. कापड बेकार दिलं म्हणून दुकानदाराला मनातल्या मनात चार गोष्टी सुनावल्या. चौथ्यांदा उसवल्यावर टेप घेतला आणि दोन्ही बाजूंची मापं वेगवेगळी घेतली. डावीकडे अर्ध्या इंचाचा फरक निघाला. मग मी काय केलं असेल? डाव्या बाजूसाठी वेगळा कागदी फर्मा कापला, टक्स अर्धा इंच वर सरकवला, आणि ब्लाउज असा बसला की आमच्या शनिवारच्या बायकांनी मला गोल फिरवून फिरवून पाहिलं.

छप्पन्न वर्षांची बाई मी. तीस वर्षं सरकारी कार्यालयात लोकांच्या अर्जांतल्या चुका काढण्यात गेली. आणि स्वतःच्या अंगातली चूक टेपवर दिसली तेव्हा मी कापड दुरुस्त करून मोकळी झाले. हे मला अजूनही झेपलेलं नाही.

गाठ कोणती, टप्पा कोणता, औषधं कोणती, हे मी इथे सांगणार नाही. ते तुमचे डॉक्टर सांगतील, त्यांचंच ऐका. ऑपरेशनच्या आधीच्या तीन आठवड्यांत मी काय काय मूर्खपणा केला, ते सांगते. माझ्यासारखी आणखी कुणी असेलच.

*

आमचा शनिवारचा गट म्हणजे आम्ही चौघी. आमच्यात टेलर कुणीच नाही. शिवायला आवडतं म्हणून शिवतो. यवतमाळात दारव्हा रोडला नसरीन आपाचं घर आहे, तिच्या पुढच्या खोलीत दुपारी तीनला बसायचं, सहाला उठायचं. आपा साठीची. तिच्या मिस्टरांचं लोहाऱ्याकडे गॅरेज आहे. कटिंग करावं तर आपानंच, खडूची रेघ न आखता सरळ कात्री चालवते. दुसरी मंदाताई, निवृत्त शिक्षिका, माहेर बोरी अरबचं. ती तिकडून जुन्या सुती साड्यांचे गठ्ठे आणते, धुऊन धुऊन लोण्यासारख्या मऊ झालेल्या. तिसरी कल्पना, आमच्यात लहान, चाळिशीची, कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला. आणि चौथी मी, उज्ज्वला, जिला दुसऱ्याची शिलाई कधीच पसंत पडत नाही.

जानेवारीत आम्ही झबली शिवायला घेतली होती. माझी मुलगी रसिका अमरावतीला असते, तिला पाचवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण म्हणजे माहेरी, हे आमच्याकडे कुणी ठरवत नाही, ते ठरलेलंच असतं. मी रजेचा अर्ज लिहून ठेवला होता, डिंक आणून ठेवला होता, आणि डोहाळजेवणासाठी स्वतःला नवीन ब्लाउज शिवायचा म्हणून आपासमोर हात वर करून उभी राहिले.

आपाने माप घेतलं आणि तिचा हात तिथंच थांबला.

"दिवाळीले किती फरक होता, उज्ज्वला?"

मी वही काढून पाहिली. "अर्धा इंच."

"आता पाऊण आहे." तिने टेप गळ्यात टाकला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "कपड्याची गलती नाही हे. डॉक्टरले दाखवून ये."

मला असा राग आला. "तू कधीपासून डॉक्टर झाली?" मी म्हटलं. मंदाताई मशीन चालवायची थांबली. मी पर्स उचलली आणि निघून आले. माझी कात्रीसुद्धा तिथंच राहिली.

घरी येऊन न्हाणीघरात आरशासमोर उभी राहिले. हात वर केला. डावीकडे कातडीला एक खळी पडली होती, उशीला आतून टाका मारल्यावर पडते तशी. हात खाली केला, खळी गेली. मी दहा वेळा हात वर-खाली केला असेन.

*

त्याच आठवड्यात कुणाला न सांगता तपासण्या करून घेतल्या. रिपोर्ट आणायलाही मी एकटीच गेले, जेवणाच्या सुट्टीत. यवतमाळचीच डॉक्टर, माझ्या रसिकाएवढी पोरगी. तिने विचारलं, "सोबत कोणी आलंय का, मॅडम?"

"मला दोन वाजता ऑफिसात पोचायचं आहे," मी म्हटलं. "तुम्ही बोला."

ती बोलली. तो शब्दही बोलली. मी तिच्या मागच्या भिंतीकडे पाहत होते. तिथं कॅलेंडर होतं, आणि फेब्रुवारी लागून आठवडा झाला तरी पान जानेवारीचंच होतं. मी म्हटलं, "तुमचं कॅलेंडर बदललेलं नाही."

ती पोरगी उठली. तिने शांतपणे जानेवारीचं पान फाडलं, घडी करून टेबलावर ठेवलं, परत बसली आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. त्या दिवसातलं मला स्पष्ट आठवतं ते एवढंच. एक बाजू पूर्ण काढावी लागेल, काखेतल्या गाठी तपासाव्या लागतील, नंतर किमो. उशीर नको. तिने माझ्यासमोरच नागपूरच्या सर्जनला फोन लावला आणि तारीख घेतली, तीन आठवड्यांनंतरचा गुरुवार. भरती व्हायचं मंगळवारी.

"जूनच्या शेवटी करू," मी म्हटलं.

"काय करू?"

"ऑपरेशन. मुलीचं बाळंतपण आहे मे महिन्यात. सव्वा महिना झाला की मी मोकळीच आहे."

तिने पेन खाली ठेवलं. "मॅडम, बाळंतपण दुसरं कुणीही करू शकतं. हे मात्र थांबणार नाही."

मी मान हलवली. मान हलवायला काय जातं? तारीख डायरीत लिहून घेतली, ऑफिसात गेले, रजेचे तीन अर्ज निकाली काढले आणि एकाची सही चुकीच्या जागी होती म्हणून परतही पाठवला. संध्याकाळी पायी चालत घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्टर अंगणातून ओरडले, "अवो, गाडी कुठं आहे तुझी?" माझी स्कूटी रात्रभर दवाखान्यासमोर उभी होती आणि मला पत्ताच नव्हता.

माझे मिस्टर बँकेतून निवृत्त झालेले, स्वभावाने गरीब. आमच्या घरातले सगळे कागद मीच पाहते, त्यांना आधार कार्डही मलाच मागावं लागतं. मी त्यांना सांगितलं, गाठ आहे, काढावी लागेल, पण घाई नाही म्हणे डॉक्टर, जूनमध्ये चालते. ते म्हणाले, "बरं झालं बाप्पा." आणि त्यांनी पोटभर जेवून घेतलं. फाइल मी कपाटात साड्यांखाली सारली. कार्यालयात नको असलेली फाइल आम्ही गठ्ठ्याच्या तळाशी घालतो, तशी.

मला मरायची हौस नव्हती. लोकांना तसं वाटतं, म्हणून सांगते. मला खरंच वाटत होतं की चार महिन्यांत काय होतंय. डोकं बधिर झालं की माणसाला स्वतःचं खोटंही पटतं. रसिकाला फोनवर मी रोज विचारायची, लोहाची गोळी घेतली का, नारळपाणी प्यायली का. ती म्हणायची, "आई, तुझा आवाज असा का येतो?" मी म्हणायची, धूळ आहे इकडे.

*

रिपोर्टनंतरचा पहिला शनिवार मी गेले नाही. दुसऱ्या शनिवारी तिघीच माझ्या घरी आल्या. मिस्टर भाजी आणायला गेले होते. मी चहा टाकायला उठले तर आपाने हात धरून खाली बसवलं.

"रिपोर्ट काय आला?"

मी सगळं एका दमात सांगितलं, कार्यालयाचं पत्र वाचून दाखवावं तसं. तारीख सांगितली, आणि जूनही सांगितला.

मंदाताईच्या डोळ्यांतून सरळ पाणीच वाहायला लागलं. कल्पना म्हणाली, "ताई, माझ्या सासूचं हेच ऑपरेशन झालं तीन वर्षांखाली. आता ती आम्हाला सगळ्यांना दम देते. पण तिनं दुसऱ्याच आठवड्यात केलं होतं. जून म्हणजे लय लांब आहे हो."

"रसिकाचं काय करू मग?"

"बाळंतपणावर अडलं ना?" आपा म्हणाली. "ते आमच्यावर सोड. माह्या दोन सुना आणि एक पोरगी, तिघींचं मी केलं. तुह्या पोरीचं नाही होणार का माह्याच्यानं?"

यावर मी जे बोलले ते लिहायची मला लाज वाटते, तरी लिहिते. मी म्हटलं, "माझ्या लेकीचं बाळंतपण आहे ते. तुमची शनिवारची पिशवी नाही चौघींनी मिळून शिवायला. आणि माझ्या घरात लुडबुड करायची नाही कुणी."

कल्पना चपला घालायला उठली. आपा मात्र बसून राहिली. ती म्हणाली, "ठीक आहे. गाऊन तं शिवून ठेवतो आम्ही. लागंन तवा लागंन." मग तीही गेली. मिस्टर भाजी घेऊन आले आणि म्हणाले, बायका इतक्या लवकर काहून गेल्या? मी म्हटलं, त्यांना काम होतं.

*

तिसऱ्या शनिवारी मी माझी कात्री आणायला आपाकडे गेले. खोटं कशाला बोलू, कात्रीचं निमित्त होतं. नागपूरची तारीख पाच दिवसांवर आली होती. दवाखान्यातून फोन आला की मी तो कापून टाकायची.

आपाच्या खोलीत जमिनीवर मंदाताईच्या साडीचं कापड पसरलं होतं, जांभळी फुलं, पांढरी जमीन. तिघीही खाली बसल्या होत्या. माझ्याकडे पाहून कुणी उठलं नाही, कुणी रुसलंही नाही. कल्पना म्हणाली, "समोरून उघडे दोन गाऊन करून राह्यलो, ताई. ऑपरेशननंतर हात वर होत नाही, डोक्यातून काही घालता येत नाही. बटन नको, नाडी लावू. बटन टोचते."

मी खाली वाकले. वाकणारच. दुसऱ्याचं कटिंग तपासल्याशिवाय मला चैन पडत नाही. कापलेले पुढचे भाग आपाने एकावर एक रचून ठेवले होते. मी एक उचलला, दुसरा उचलला, तिसरा, चौथा.

शिवणाऱ्या बायकांना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते. समोरून उघडणाऱ्या कपड्याला पुढचे दोन भाग लागतात, एक उजवा, एक डावा, एकमेकांच्या उलट. कापड दुहेरी घेतलं तर दोन्ही एकदम निघतात. एकेरी घेतलं तर एक भाग कापल्यावर फर्मा उलटवून ठेवावा लागतो. शिवण शिकायला लागलेली पोरगी ही चूक पहिल्या महिन्यात करते, दुसऱ्या महिन्यात विसरते.

"आपा," मी म्हटलं, "ह्या चारही डाव्या बाजू आहेत."

आपाने एकेक भाग हातात घेतला. फिरवून पाहिला. मग तिने कात्री जमिनीवर ठेवली आणि दोन्ही तळवे मांडीवर पालथे ठेवले. चाळीस वर्षं कापड कापणारे हात ते, मी त्यांना कधी अडखळताना पाहिलं नव्हतं.

"माहे हात चालून नाही राह्यले, उज्ज्वला," ती म्हणाली. "आठ दिवस झाले. रोटी लाटतानी बी नाही."

मला वाटायचं की जगात धक्का फक्त मलाच बसलाय. बाकीच्यांना सल्ले द्यायला काय जातं, असं वाटायचं. मी तिच्याजवळ बसले. मग ती बोलायला लागली.

"मले दिवाळीतच वाटलं होतं. तू फिरून दाखवत होती ना तो ब्लाउज, तवाच. माह्या खालाचं, आईच्या बहिणीचं, असंच झालं होतं, मी पाह्यलं होतं लहानपणी. पण म्हटलं, कसं बोलावं? इतकी खुश होती तू. सणाचे दिवस. म्हटलं, माहा वहम असंन. मी चूप राह्यली. तीन महिने चूप राह्यली मी."

बाहेर एक ट्रक गिअर बदलत गेला. मला आधी राग आला, खरा राग, तिला गदागदा हलवावं असा. तीन महिने! आणि मग तो राग कुठेतरी मध्येच अडला, कारण मी स्वतः काय करत होते? ती भिडेपोटी तीन महिने गप्प बसली. मी सगळं माहीत असून चार महिने गप्प बसायचं ठरवलं होतं, आणि घरात खोटं बोलून वर.

"मी मिस्टरांना खोटं सांगितलं," मी म्हटलं. "डॉक्टरच म्हणाले जूनमध्ये चालते, असं सांगितलं. त्यांना गुरुवार माहीत नाही."

मंदाताई म्हणाली, "देवा." एवढंच. आणि मग मी रडले. रिपोर्ट आल्यापासून पहिल्यांदा रडले, आणि कसं, तर तोंड वासून, लहान पोरासारखं. आपाने माझं डोकं स्वतःच्या खांद्यावर दाबून धरलं. तिची ओढणी माझ्या नाका-डोळ्यांनी भिजली. कल्पना पंखा बंद कर, पंखा लाव, पाणी आण, असं काहीतरी करत होती.

*

मी तिथूनच मिस्टरांना फोन केला आणि बोलावून घेतलं. ते आले, दिवाणावर बसले. तिघी स्वयंपाकघरात जायला निघाल्या, मी म्हटलं, थांबा. एकटीने सांगायची हिंमत नव्हती माझ्यात.

ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "पण डॉक्टर जून म्हणाले होते ना?"

"मी म्हणाले होते. डॉक्टर नव्हते म्हणाले."

"तू खोटं बोलली माझ्याशी?" तेहतीस वर्षांत त्यांचा तसा आवाज मी ऐकला नव्हता. ते उठून बाहेर गेले. अंगणातल्या नळाचा आवाज येत राहिला. परत आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं, शर्टाची कॉलर ओली. "भरती मंगळवारी किती वाजता?" त्यांनी विचारलं. त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. हेही सांगून ठेवते, कारण आजारपणात घरची माणसं लगेच गळ्यात पडतात असं नसतं. ती चिडतात. त्यांना चिडू द्यावं.

मग रसिकाला फोन लावला. मी सांगत गेले, ती हूं हूं करत गेली. बाळंतपणासाठी जूनपर्यंत थांबणार होते, हे सांगितलं तेव्हा तिचं हूं थांबलं. मला वाटलं फोन कटला.

"आई," ती म्हणाली, "तू गेली असतीस तर मी माझ्या बाळाला काय सांगणार होते? की तू येणार होतास म्हणून आजी थांबली आणि गेली? जन्मभर त्याच्याकडे पाहताना मला हेच आठवलं असतं. असलं ओझं ठेवणार होतीस तू त्याच्या डोक्यावर?"

फोन स्पीकरवर होता. सगळ्यांनी ऐकलं. मला वाटलं होतं मी लेकीसाठी त्याग करतेय, आणि लेक मला सांगत होती की मी तिच्या लेकरावर काय लादायला निघाले होते. मी म्हटलं, "मंगळवारी जातो आम्ही नागपूरला." ती म्हणाली, "मी पण येते." मी म्हटलं, प्रवास करू नको. ती म्हणाली, "आता तू मला काही सांगू नकोस." आणि फोन ठेवला.

त्यानंतर आम्ही बसून गाऊन शिवले. नवे उजवे भाग कापायला कापड उरलं नव्हतं. मी म्हटलं, दोन भाग उलटे करून लावू, कापड मऊ आहे, उलट्या बाजूने फुलं फिकी दिसतील तेवढंच. मशीनवर मी बसले. आपाने नाड्या केल्या. कल्पनाने सासूच्या वेळचं आठवून मापं सांगितली: ऑपरेशननंतर जखमेतून एक नळी बाहेर काढलेली असते, तिच्या टोकाला बाटली असते, ती हातात धरून फिरावं लागतं. म्हणून गळ्यात अडकवायच्या छोट्या पिशव्या शिवल्या, पाच. काखेत ठेवायला एक लहान उशी, कारण हात अंगाला टेकला की जीव जातो. मिस्टर दिवाणावर बसून सुईत दोरा ओवून देत होते. सहाला उठायचा नियम त्या दिवशी मोडला, साडेसात झाले.

*

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सर्जन आले आणि माझ्या छातीवर पेनने रेघा मारल्या. मी मान खाली करून पाहत होते. रेघ सरळ होती. मला बरं वाटलं. माणसाला कशाने बरं वाटेल याचा काही नेम नाही.

रसिका आली होती, सहावा महिना घेऊन. तिने माझ्या कपाळावरून हात फिरवला. आत नेताना मला भीती वाटली, साधी, सरळ भीती. वर दिवे सरकत गेले. एवढंच.

चौथ्या दिवशी पट्टी बदलताना मी पाहिलं. सिस्टर म्हणाली, आज नका पाहू. मी म्हटलं, माझंच आहे. एका बाजूला मी होते आणि दुसऱ्या बाजूला एक लांब आडवी शिवण, काळ्या टाक्यांची, आणि सपाट. मला वाटलं होतं मी रडेन. मी नुसती पाहत राहिले. किती वेळ, ते सिस्टरला विचारा. मग तिने गाऊनची नाडी बांधली आणि म्हणाली, "हे एका बाजूनं फिकं कसं काय, आजी?" मी तिला चारही डाव्या बाजूंची गोष्ट सांगितली. ती हसली, मग मीही हसले, आणि टाके दुखले.

शेजारच्या पलंगावर राजूरची एक बाई होती, पस्तिशीची. तिचा नवरा कोळशाच्या खाणीत कामाला. तिने नळीची बाटली साडीच्या पदराला सेफ्टी पिनने अडकवली होती, आणि उठली की नळी ओढली जायची आणि ती कळवळायची. मी तिला दोन पिशव्या दिल्या. तिने एक गळ्यात घातली आणि बाथरूमपर्यंत एकटी जाऊन आली. "कोणं शिवलं हे, बाई?" तिने विचारलं. मी म्हटलं, आमच्या शनिवारच्या बायकांनी. तिला काय कळलं कुणास ठाऊक. पण तिने मान डोलवली.

पंधरा दिवसांनी मोठा रिपोर्ट आला. मिस्टर माझ्या शेजारी बसले होते. सर्जनने कागद दोनदा पाहिला. "काखेतल्या गाठींपर्यंत पोचायला सुरुवात झाली होती," ते म्हणाले. "किमो घ्यावी लागेल, पण आपण वेळेत आहोत. चार महिने थांबला असता तर आज मी तुमच्याशी वेगळं बोलत असतो." त्यांना जूनचं काहीच माहीत नव्हतं. ते सहज बोलले. मिस्टरांनी माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, ते माझ्याकडे पाहत होते हे मला माहीत होतं.

*

किमोबद्दल एकच सांगते, तोंडाला चव राहत नाही आणि त्याचा राग येतो. मी सगळ्यांवर ओरडले. केस गेले. आपाने सुती टोप्या शिवल्या, त्यातली एक मी फेकून दिली, तिने ती उचलून धुऊन परत आणली. शनिवारी त्या माझ्याच घरी बसायला लागल्या. मी पडून ऐकायची. तीन मशीन एकदम चालल्या की मला झोप लागायची.

मे महिन्यात रसिका माहेरी आली. हो, माहेरीच. तिघींनी वाटून घेतलं होतं. मंदाताई सकाळचा स्वयंपाक आणि डिंकाचे लाडू, आपा बाळाची मालिश आणि आंघोळ, कल्पना कॉलेज सुटल्यावर संध्याकाळी. मी खुर्चीवर बसून चुका काढायची. पाणी गरम आहे, तेल जास्त झालं, दुपटं असं नाही गुंडाळत. आपा म्हणायची, "हाव मॅडम." आणि स्वतःच्या मनासारखंच करायची.

मुलगी झाली. डाव्या हाताने वजन उचलायला मला मनाई होती, आणि किमोमुळे जपायचंही होतं. डॉक्टरांना विचारून, बाराव्या दिवशी, आंघोळीनंतर आपाने तिला माझ्या मांडीवर ठेवलं. आम्ही चौघी तिथंच होतो, रसिका पलंगावर टेकून बसलेली. पोर न्हाऊन लाल झाली होती, धुरीचा वास येत होता. मी तिला उजव्या हाताने जवळ घेतलं.

तिने मान वळवली आणि तोंड माझ्या डाव्या बाजूला घासायला लागली. तोंड उघडून शोधत होती. कापड, कापडाखाली व्रण, आणि त्याखाली लगेच बरगड्या. तिला काही सापडेना. ती पुन्हा शोधायची, पुन्हा डोकं आपटायची. रसिकाने हात पुढे केले होते ते तसेच राहिले. मंदाताई खिडकीकडे पाहायला लागली.

मला इतके महिने वाटत होतं की असा काही क्षण आला की मी संपून जाईन. मी त्या डोक्याकडे पाहिलं. ओले केस कानांना चिकटले होते.

"तिकडचं दुकान बंद झालं वो माय," मी तिला म्हटलं. "आईकडे जा आपल्या."

आपा ओढणी तोंडाला लावून हसायला लागली आणि हसता हसता तिला रडू आलं. रसिका म्हणाली, "दे इकडे, भूक लागली तिला." मी लगेच दिली नाही. पोर रडायला लागली होती, रसिका हात पसरून बसली होती, तरी अजून थोडा वेळ मी तिला तशीच धरून बसले.